लहान प्रवासी विमानांसाठी संकरित-विद्युत प्रणोदन : प्रतिमाननिर्मितीची तत्त्वे आणि मर्यादा

सारांश

एकोणीस आसनांपर्यंतच्या प्रवासी विमानांसाठी इंधन व बॅटरी यांचा एकत्रित वापर करणारी संकरित-विद्युत प्रणोदन प्रणाली गेल्या दशकात संशोधनाचा महत्त्वाचा विषय ठरली आहे. अशा विमानाची उपयुक्तता प्रत्यक्ष बांधणीपूर्वी गणिती प्रतिमानाच्या आधारे तपासली जाते. प्रस्तुत लेखात या प्रतिमानाचे घटक, त्यातील गृहीतके आणि त्यावरून काढल्या जाणाऱ्या निष्कर्षांच्या मर्यादा यांचे विवेचन केले आहे. २०० किलोमीटरच्या एका नमुना उड्डाणाचा हिशेब मांडून असे दाखविले आहे की, इंधनबचतीचा आकडा बॅटरीच्या ऊर्जाघनतेइतकाच तुलनेच्या आधारावर, इंजिनाच्या योग्य आकारमानावर आणि वीजनिर्मितीच्या स्रोतावर अवलंबून असतो.

बीजसंज्ञा : संकरित प्रणोदन, टर्बोप्रॉप, बॅटरी, ऊर्जाघनता, प्रतिमान, प्रादेशिक हवाई वाहतूक.

१. प्रस्तावना

हवाई वाहतुकीची चर्चा सामान्यतः मोठ्या जेट विमानांभोवती फिरते. परंतु लहान शहरे, बेटे आणि डोंगराळ प्रदेश यांना जोडण्याचे काम नऊ ते एकोणीस आसनी विमाने करतात. कॅनडाचे ट्विन ऑटर, जर्मनीत विकसित झालेले डॉर्निअर २२८ आणि अमेरिकेचे बीचक्राफ्ट १९००डी ही या वर्गातील परिचित विमाने होत. डॉर्निअर २२८ चे उत्पादन हिंदुस्थान एरोनॉटिक्स लिमिटेडने १९८३ च्या परवाना करारान्वये कानपूर येथे हाती घेतले. तेथे तयार झालेल्या १७ आसनी विमानाने १२ एप्रिल २०२२ रोजी आसाममधील दिब्रुगड ते अरुणाचल प्रदेशातील पासीघाट अशी प्रवासी सेवा सुरू झाली.

महाराष्ट्रालाही या वर्गातील विमानांचा अनुभव आहे. 'उडान' योजनेची पहिली उड्डाणे २७ एप्रिल २०१७ रोजी झाली, त्यांत नांदेड-हैदराबाद मार्गाचा समावेश होता. त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबई, नाशिक व जळगाव यांना जोडणारी सेवा बीचक्राफ्ट १९००डी विमानांनी सुरू झाली, परंतु ती टिकली नाही. हे मार्ग साधारणपणे १५० ते ३५० किलोमीटर लांबीचे आहेत. विमान लहान असले म्हणजे इंधन, देखभाल व वैमानिक यांचा खर्च थोड्या प्रवाशांवर विभागला जातो आणि दरडोई भाडे वाढते. इंधनखर्च कमी करणारे कोणतेही तंत्र या मार्गांच्या अस्तित्वाशी निगडित ठरते, ते याच कारणाने.

विद्युत मोटर ही टर्बाइन इंजिनापेक्षा साधी, हलकी आणि अधिक कार्यक्षम असते. अडचण मोटरची नसून ऊर्जासाठ्याची आहे. एक किलो विमान-इंधनात सुमारे ४३ मेगाज्यूल, म्हणजे जवळजवळ १२ किलोवॉट-तास ऊर्जा असते. आजच्या लिथियम-आयन बॅटरीसंचात, बाह्य आवरण व शीतन व्यवस्था धरून, एका किलोमागे साधारण ०.१६ ते ०.२० किलोवॉट-तास ऊर्जा मावते. ही तफावत साठ-सत्तर पटींची आहे. टर्बाइनची कमी कार्यक्षमता लक्षात घेतली तरी ती वीस पटींच्या आसपास उरते. संपूर्ण विद्युत विमानाऐवजी संकरित विमानाचा विचार पुढे आला तो या अडचणीतून.

असे विमान खरोखर इंधन वाचवील काय, किती वाचवील आणि कोणत्या अटींवर, या प्रश्नांची उत्तरे प्रथम कागदावर शोधावी लागतात. त्यासाठी प्रतिमान हवे. त्यातील गृहीतके उघड नसतील तर त्यावरून निघालेली टक्केवारी दिशाभूल करू शकते. म्हणून प्रतिमान कसे बांधले जाते याचे आकलन अभियांत्रिकीपुरते मर्यादित न राहता अर्थशास्त्र, पर्यावरण व लोकप्रशासन यांच्या अभ्यासकांसाठीही आवश्यक ठरते.

२. संकरित रचनेचे प्रकार

संकरित प्रणोदनाच्या दोन मूलभूत रचना आहेत.

पहिली एकसरी रचना. हिच्यात इंधनावर चालणारे इंजिन फक्त जनित्र फिरविते. निर्माण झालेली वीज, आवश्यकतेनुसार बॅटरीतील विजेची भर घालून, मोटरला दिली जाते आणि मोटर पंखा फिरविते. इंजिन व पंखा यांच्यात यांत्रिक जोडणी नसल्यामुळे इंजिन त्याच्या सर्वोत्तम वेगावर चालविता येते आणि पंखे हवे तेथे बसविता येतात. परंतु ऊर्जेला अनेक टप्पे ओलांडावे लागतात. जनित्राची कार्यक्षमता ९५ टक्के, एकदिशकारकाची ९८ टक्के, इन्व्हर्टरची ९८ टक्के आणि मोटरची ९५ टक्के धरली तरी त्यांचा गुणाकार सुमारे ८७ टक्के येतो. म्हणजे इंजिनाने दिलेल्या शक्तीपैकी १३ टक्के पंख्यापर्यंत पोहोचण्यापूर्वीच उष्णतेत जाते. या रचनेचे प्रात्यक्षिक २०११ साली डीए३६ ई-स्टार या दोन आसनी विमानाने केले.

दुसरी समांतर रचना. हिच्यात इंजिन व मोटर दोन्ही गिअरबॉक्समार्फत एकाच पंख्याला शक्ती देतात. इंजिनाची शक्ती थेट पंख्याला मिळत असल्याने टप्प्यांतील तूट टळते, परंतु इंजिनाच्या वेगाचे स्वातंत्र्य मर्यादित होते. अस्तित्वात असलेल्या विमानात बदल करावयाचा असल्यास ही रचना सोयीची ठरते.

या रचनांची तुलना करण्यासाठी दोन गुणोत्तरे वापरली जातात. शक्तीच्या संकराचे प्रमाण म्हणजे एकूण शक्तीपैकी विद्युत मोटरचा वाटा, आणि ऊर्जेच्या संकराचे प्रमाण म्हणजे उड्डाणात खर्च होणाऱ्या एकूण ऊर्जेपैकी बॅटरीचा वाटा. ही दोन प्रमाणे एक नव्हेत, आणि त्यांच्यातील अंतर किती मोठे असू शकते हे पुढील हिशेबात दिसून येईल.

३. प्रतिमानाचे घटक

संकरित विमानाचे प्रतिमान म्हणजे परस्परांवर अवलंबून असलेल्या पाच उपप्रतिमानांचा समुच्चय होय.

पहिले वायुगतिकीचे. समपातळी उड्डाणात पंखांचे उत्थापक बल विमानाच्या वजनाइतके असते आणि पंख्याचा रेटा हवेच्या रोधाइतका असतो. रोधाचे दोन भाग पडतात : विमानाच्या आकारामुळे होणारा स्थिर भाग आणि उत्थापक बलाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढणारा भाग. उत्थापक बल व रोध यांचे गुणोत्तर हा विमानाच्या वायुगतिकीय गुणवत्तेचा संक्षिप्त निर्देशांक आहे.

दुसरे प्रणोदनाचे. यात पंखा, गिअरबॉक्स, टर्बाइन, मोटर व इन्व्हर्टर यांच्या कार्यक्षमता येतात. टर्बाइनची कार्यक्षमता स्थिर धरणे ही सामान्य चूक आहे. टर्बाइन पूर्ण भारावर जितके कार्यक्षम असते तितके अर्ध्या भारावर नसते, आणि संकरित रचनेत इंजिनावरील भार सतत बदलत असल्याने हा फरक निर्णायक ठरतो.

तिसरे बॅटरीचे. तिचे विवेचन स्वतंत्रपणे पुढे केले आहे.

चौथे वजनाचे. बॅटरी वाढविली की विमान जड होते, जड विमानाला अधिक बळकट पंख व चाके लागतात, त्यामुळे ते आणखी जड होते आणि पुन्हा अधिक ऊर्जा लागते. हे चक्र संगणकात पुनरावृत्तीने सोडविले जाते. वजनाचे गृहीत मूल्य व हिशेबातून निघालेले मूल्य जुळेपर्यंत आकडेमोड चालू राहते. काही वेळा ती जुळतच नाही, म्हणजे तसे विमान अस्तित्वातच येऊ शकत नाही.

पाचवे उड्डाणमार्गाचे. जमिनीवरील चाल, टेक-ऑफ, आरोहण, समपातळी उड्डाण, अवरोहण व राखीव उड्डाण या प्रत्येक टप्प्यात शक्तीची गरज वेगळी असते. टप्प्याटप्प्याने समीकरणे सोडवून एकूण इंधन व वीज यांचा हिशेब केला जातो.

इंधन व बॅटरी यांत एक मूलभूत भेद आहे. इंधन जळते तसे विमान हलके होत जाते, म्हणून इंधनावरील विमानाचा पल्ला ब्रेग्वे यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लॉगरिदमी सूत्राने काढतात. बॅटरी रिकामी झाली तरी तिचे वजन तेवढेच राहते. म्हणून विद्युत विमानाचा पल्ला साध्या गुणाकाराने मिळतो : बॅटरीची ऊर्जाघनता, प्रणोदनाची कार्यक्षमता, उत्थापक बल-रोध गुणोत्तर आणि विमानाच्या वजनातील बॅटरीचा वाटा यांच्या गुणाकारास गुरुत्वत्वरणाने भागावे.

४. एक नमुना हिशेब

डॉर्निअर २२८ च्या वर्गातील एका काल्पनिक विमानाचा विचार करू. पुढील मूल्ये विवेचनासाठी गृहीत धरली आहेत. कमाल उड्डाणवजन ६४०० किलो, वैमानिकांसह रिकाम्या विमानाचे वजन ४००० किलो, सामानासह प्रत्येक प्रवाशाचे वजन ९५ किलो, म्हणजे १९ प्रवाशांचे १८०५ किलो. ऊर्जासाठ्यासाठी ५९५ किलो उरतात. उत्थापक बल-रोध गुणोत्तर १२, वेग ताशी ३२४ किलोमीटर, पंख्याची कार्यक्षमता ८५ टक्के, टर्बाइनची २५ टक्के, मोटर व इन्व्हर्टर यांची मिळून ९२ टक्के.

या मूल्यांनुसार रोध सुमारे ५२३२ न्यूटन येतो. एक किलोमीटर अंतर कापण्यासाठी पंख्याच्या दंडावर १.७१ किलोवॉट-तास ऊर्जा लागते. ही ऊर्जा टर्बाइनकडून घेतल्यास ५७५ ग्रॅम इंधन जळते. तीच बॅटरीकडून घेतल्यास १.८६ किलोवॉट-तास वीज लागते. बॅटरीसंचाची ऊर्जाघनता किलोमागे ०.१८ किलोवॉट-तास असून तिच्यापैकी ८० टक्केच वापरावयाची, असे धरल्यास दर किलोमीटरला १२.९ किलो बॅटरी वाहून न्यावी लागते.

आता राखीव ऊर्जेचा विचार करावा. अमेरिकी नियमांनुसार उपकरणाधारित उड्डाणात गंतव्य स्थान व पर्यायी विमानतळ यांच्या पलीकडे आणखी ४५ मिनिटांचे इंधन बाळगावे लागते. वरील वेगाने ४५ मिनिटे म्हणजे २४३ किलोमीटर, म्हणजेच १४० किलो इंधन. पर्यायी विमानतळाचा विचार सोडून दिल्यास उरलेल्या ४५५ किलो इंधनावर हे विमान सुमारे ७९० किलोमीटर जाऊ शकते. सर्व ५९५ किलो जागा बॅटरीने भरल्यास विमान ४६ किलोमीटर जाऊन रिकामे होते. राखीव उड्डाणाचा पाचवा भागही त्यातून भागत नाही. विद्युत विमानाच्या जाहीर पल्ल्याबरोबर राखीव ऊर्जेचा उल्लेख आहे की नाही हे पाहणे आवश्यक आहे, ते यासाठीच.

याच विमानाचा २०० किलोमीटरच्या मार्गासाठी समांतर संकरित अवतार कल्पावा. राखीव ऊर्जा पूर्णपणे इंधनातच ठेवली आहे. मार्गासाठी ११५ किलो व राखीव १४० किलो इंधन वजा जाता ३४० किलो उरतात. त्यांपैकी १२० किलो मोटर, इन्व्हर्टर, तारा व शीतन यांना आणि २२० किलो बॅटरीला दिले. या बॅटरीतून ३१.७ किलोवॉट-तास वापरण्याजोगी ऊर्जा मिळते. ती १७ किलोमीटरच्या उड्डाणाला पुरते आणि ९.८ किलो इंधन वाचविते. म्हणजे ११५ किलोंपैकी साडेआठ टक्के बचत.

येथे एक तपशील नोंदविण्याजोगा आहे. ६४०० किलोच्या विमानाला ३००० मीटर उंचीवर नेताना त्याच्या स्थितिज ऊर्जेतच ५२ किलोवॉट-तासांची भर पडते. वरील बॅटरी आरोहणाचाही पूर्ण भार उचलू शकत नाही. यातील काही ऊर्जा अवरोहणात परत मिळत असल्याने प्रस्तुत सोप्या हिशेबात आरोहण वेगळे धरलेले नाही.

५. तुलनेचा आधार

साडेआठ टक्के हा आकडा गणिताच्या दृष्टीने बरोबर असला तरी तुलनेच्या दृष्टीने सदोष आहे. २०० किलोमीटर जाण्यासाठी साध्या विमानाला मोटर व बॅटरी यांचे ३४० किलो वजन वाहण्याची गरजच नसते. ते ६०६० किलो वजनाने उडेल. उत्थापक बल-रोध गुणोत्तर तेच राहिल्यास त्याला १०८.९ किलो इंधन लागेल. संकरित विमान १०५.२ किलो इंधन घेते. खरी बचत ३.७ किलोंची, म्हणजे ३.४ टक्क्यांची आहे. बॅटरीने वाचविलेल्या इंधनाचा मोठा भाग बॅटरी वाहून नेण्यातच खर्च झाला.

बॅटरीसंचाची ऊर्जाघनता किलोमागे ०.४० किलोवॉट-तास झाली असे मानल्यास वापरण्याजोगी ऊर्जा ७०.४ किलोवॉट-तास होते, इंधन ९३.२ किलोंवर येते आणि खरी बचत सुमारे १४ टक्के होते. बॅटरीच्या प्रगतीचे महत्त्व त्यातून स्पष्ट होते.

परंतु तेवढीच बचत दुसऱ्या मार्गानेही मिळू शकते. या वर्गातील विमानाच्या इंजिनाचा आकार टेक-ऑफच्या गरजेनुसार ठरतो. डॉर्निअर २२८ ला ५३३ किलोवॉट शक्तीची दोन टर्बोप्रॉप इंजिने बसविली जातात, म्हणजे एकूण १०६६ किलोवॉट. नमुना विमानाला समपातळी उड्डाणात केवळ ५५४ किलोवॉट लागतात. इंजिन बहुतेक काळ अर्ध्या भारावर चालते आणि तेथे त्याची कार्यक्षमता कमी असते. टेक-ऑफच्या वेळी ३०० किलोवॉट मोटरकडून घेतले तर इंजिने लहान करता येतील व ती समपातळी उड्डाणात आपल्या सर्वोत्तम भाराजवळ चालतील. त्यामुळे टर्बाइनची कार्यक्षमता २५ वरून २८ टक्के झाली असे धरल्यास, जुन्याच ०.१८ च्या बॅटरीसह इंधन ९३.९ किलोंवर येते. बचत पुन्हा सुमारे १४ टक्के. येथे मोटरचा शक्तीतील वाटा २८ टक्के आहे, तर बॅटरीचा ऊर्जेतील वाटा तीन टक्क्यांच्या आतबाहेर आहे. संकरित प्रणोदनाचा लाभ प्रामुख्याने बॅटरीतील ऊर्जेतून येतो ही सर्वसाधारण समजूत या हिशेबात टिकत नाही.

६. बॅटरीचे प्रतिमान : ऊर्जा आणि शक्ती

येथवर बॅटरीकडे ऊर्जेचे भांडे म्हणून पाहिले. प्रत्यक्षात भांड्याचे तोंड किती रुंद आहे यालाही महत्त्व असते. २२० किलोच्या बॅटरीची एकूण क्षमता ३९.६ किलोवॉट-तास आहे. तिच्यातून ३०० किलोवॉट शक्ती घेणे म्हणजे एका तासात रिकामी होण्याच्या दराच्या साडेसात पट दराने वीज काढणे होय. अधिक ऊर्जा साठविणाऱ्या बॅटऱ्या सामान्यतः दोन-तीन पट दरापर्यंतच सुरक्षित चालतात. अधिक शक्ती देणाऱ्या बॅटऱ्या हा दर पेलतात, पण त्यांची ऊर्जाघनता कमी असते. केवळ ऊर्जेचा ताळेबंद मांडणाऱ्या प्रतिमानात हा विरोध दिसत नाही.

शक्तिप्रधान बॅटरी निवडून संचाची ऊर्जाघनता ०.१२ वर आली असे मानू. वापरण्याजोगी ऊर्जा २१.१ किलोवॉट-तास उरते, आणि इंजिनाच्या योग्य आकारमानाचा लाभ धरून इंधन ९६.८ किलो होते. ऊर्जा एक-तृतीयांशाने घटूनही बचत १४ वरून ११ टक्क्यांवरच आली. लाभाचे मूळ कोठे आहे याचा हा आणखी एक पुरावा होय.

बॅटरीच्या विद्युत वर्तनासाठी सर्वांत साधे प्रतिमान म्हणजे एक आदर्श विद्युतदाब आणि त्याच्याशी एकसर जोडलेला अंतर्गत रोध. भार वाढतो तसा बाहेर मिळणारा दाब घटतो. बॅटरी रिकामी होत जाते तसा मूळ दाबही उतरतो. म्हणून तीच शक्ती अखेरीस मिळविण्यासाठी अधिक प्रवाह घ्यावा लागतो, आणि उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे तापमानाचे समीकरण या प्रतिमानाला जोडणे अनिवार्य ठरते.

आयुर्मानाचाही विचार करावा लागतो. प्रादेशिक विमान दिवसाला आठ फेऱ्या करीत असेल आणि प्रत्येक फेरीत बॅटरी भरली-रिकामी होत असेल, तर एक हजार चक्रे १२५ दिवसांत पूर्ण होतात. बॅटरी बदलण्याचा खर्च प्रतिमानात नसेल तर इंधनबचतीवरून काढलेला आर्थिक निष्कर्ष अपुरा राहतो.

७. सुरक्षिततेच्या अटी

दोन इंजिनांच्या विमानाला टेक-ऑफच्या अडचणीच्या क्षणी एक इंजिन बंद पडले तरी चढता आले पाहिजे. संकरित विमानात इंजिने लहान केली असतील तर ही अट मोटरच्या भरवशावर पूर्ण होते. शक्तिप्रधान बॅटरीतील २१.१ किलोवॉट-तास ३०० किलोवॉटच्या दराने चार मिनिटांत संपतात. टेक-ऑफमध्ये त्यांपैकी दोन मिनिटे खर्च झाली, तर गंतव्य स्थानी उतरताना धावपट्टी मोकळी नसल्यामुळे पुन्हा वर जाण्याची वेळ आल्यास दोनच मिनिटांची शक्ती हाताशी असेल, आणि तीही उतरत्या दाबाने.

गणिताचा कल नेमका उलट दिशेला असतो. बॅटरीचे वजन घटत नसल्यामुळे आधी इंधन जाळून विमान हलके करावे आणि बॅटरी शेवटी वापरावी, हा मार्ग निव्वळ ऊर्जेच्या दृष्टीने किंचित किफायतशीर ठरतो. तो तसाच स्वीकारला तर विमान धावपट्टीजवळ रिकाम्या बॅटरीने पोहोचेल. यासाठी प्रतिमानात बॅटरीच्या पातळीची किमान मर्यादा अट म्हणून घालावी लागते, किंवा समपातळी उड्डाणात इंजिनाकडून ती पुन्हा भरून घ्यावी लागते. दोन्ही उपायांनी बचत घटते. अशी अट न घातलेल्या प्रतिमानातील बचतीचा काही भाग सुरक्षिततेच्या मोबदल्यात मिळालेला असतो.

८. विजेचा स्रोत

एक किलो विमान-इंधन जळाल्यावर ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. भारतातील वीजजाळ्यात एका किलोवॉट-तासामागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड उत्सर्जित होतो. बॅटरी भरण्याची कार्यक्षमता ९० टक्के धरून २०० किलोमीटरच्या उड्डाणाचा हिशेब पुढीलप्रमाणे येतो.

(अ) साधे विमान : इंधन १०८.९ किलो, उत्सर्जन ३४४ किलो.
(आ) संकरित, बॅटरी ०.१८ : इंधन १०५.२ किलो, विजेसह उत्सर्जन ३५७ किलो.
(इ) संकरित, बॅटरी ०.४० : इंधन ९३.२ किलो, विजेसह उत्सर्जन ३४९ किलो.
(ई) संकरित, शक्तिप्रधान बॅटरी ०.१२ व योग्य आकाराची इंजिने : इंधन ९६.८ किलो, विजेसह उत्सर्जन ३२२ किलो.

पहिल्या दोन संकरित पर्यायांत इंधन वाचते, पण एकूण उत्सर्जन वाढते. (आ) पर्याय लाभदायक होण्यासाठी विजेचे उत्सर्जन किलोवॉट-तासामागे ०.३३ किलोपेक्षा कमी असावे लागेल, तर (इ) साठी ही मर्यादा ०.६३ किलो आहे. (ई) मात्र आजच्या विजेवरही सुमारे सहा टक्के घट देतो. बहुतांश वीज जलविद्युत केंद्रांतून मिळविणाऱ्या नॉर्वेत काढलेला निष्कर्ष भारताला जसाच्या तसा लागू पडत नाही, हे यावरून ध्यानात येते. विमानतळावर सौरवीज वापरल्यास चित्र बदलू शकते, परंतु तो पर्याय विमानाच्या प्रतिमानात न राहता विमानतळाच्या नियोजनात येतो.

९. प्रत्यक्ष प्रकल्पांचा अनुभव

वरील तर्काला गेल्या काही वर्षांतील घडामोडी पूरक आहेत. जून २०२० मध्ये पिपिस्ट्रेल व्हेलिस इलेक्ट्रो हे युरोपीय नियामकाचे प्रमाणपत्र मिळविणारे पहिले विद्युत विमान ठरले. ते दोन आसनी असून प्रशिक्षणाच्या अल्पकालीन उड्डाणांसाठी आहे. संपूर्ण विद्युत एव्हिएशन ॲलिस विमानाने २७ सप्टेंबर २०२२ रोजी अमेरिकेत आठ मिनिटांचे पहिले उड्डाण केले.

स्वीडनमध्ये स्थापन झालेल्या हार्ट एरोस्पेस या कंपनीचा प्रवास विशेष बोधप्रद आहे. तिने प्रारंभी १९ आसनी संपूर्ण विद्युत विमानाचा आराखडा पुढे ठेवला होता. सप्टेंबर २०२२ मध्ये तो सोडून ३० आसनी संकरित ईएस-३० जाहीर करण्यात आले. त्याचा केवळ विजेवरील पल्ला २०० किलोमीटर आणि इंधनाच्या साहाय्याने ४०० किलोमीटर सांगितला गेला. प्रारंभी इंधनाचा उपयोग राखीव ऊर्जेसाठी जनित्रे चालविण्याकरिता होता. पुढे २०२४ मध्ये विद्युत मोटर व टर्बोप्रॉप स्वतंत्रपणे चालविणारी रचना स्वीकारली गेली. राखीव ऊर्जेचा प्रश्न आराखड्याला कसा वळण देतो याचे हे ठळक उदाहरण होय.

अन्य काही प्रकल्प थांबले. २ मेगावॉट मोटरचा ई-फॅन एक्स हा एअरबस व रोल्स-रॉइस यांचा प्रकल्प एप्रिल २०२० मध्ये बंद झाला. जून २०२३ मध्ये इटलीच्या टेक्नाम कंपनीने आपल्या नऊ आसनी पी-व्होल्ट विद्युत विमानाचे काम स्थगित केले. बॅटरीचे वास्तविक आयुष्य व ती वारंवार बदलण्याचा खर्च हे त्यामागील प्रमुख कारण होते. त्याच महिन्यात नासाचा एक्स-५७ प्रकल्प उड्डाणाविनाच संपविण्यात येत असल्याचे जाहीर झाले. याउलट अस्तित्वात असलेल्या सेस्ना विमानांत बदल करून समांतर रचना आजमावणाऱ्या अँपेअर कंपनीने २०१९ मध्ये सहा आसनी व नोव्हेंबर २०२२ मध्ये त्याहून मोठे कॅरव्हॅन विमान उडविले.

१०. निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. एक, संकरित विमानाची तुलना त्याच वजनाच्या विमानाशी न करता तेच काम करणाऱ्या हलक्या साध्या विमानाशी केली पाहिजे. दोन, शक्तीचा वाटा व ऊर्जेचा वाटा यांची गल्लत होता कामा नये. नजीकच्या काळातील लाभ इंजिनाच्या योग्य आकारमानातून येण्याची शक्यता अधिक आहे. तीन, राखीव ऊर्जा, इंजिन बंद पडण्याची अवस्था व बॅटरीची किमान पातळी या अटी प्रतिमानात आरंभीच असाव्यात. चार, इंधनबचत म्हणजे उत्सर्जनातील घट नव्हे. तिचा निर्णय विजेच्या स्रोतावर होतो.

वरील हिशेबातील मूल्ये नमुन्यादाखल आहेत. उत्थापक बल-रोध गुणोत्तर, टर्बाइनची कार्यक्षमता किंवा मार्गाची लांबी बदलली तर आकडे बदलतील. त्यासाठी महागड्या संगणकप्रणालीची आवश्यकता नाही. हा संपूर्ण हिशेब साध्या स्प्रेडशीटवर मांडता येतो आणि पदवी स्तरावरील भौतिकशास्त्र, अर्थशास्त्र व पर्यावरणशास्त्र यांच्या विद्यार्थ्यांना एकत्रित प्रकल्प म्हणून देता येतो. छोट्या शहरांच्या विमानसेवेसाठी सार्वजनिक निधी खर्च होत असताना, एखाद्या नव्या विमानाच्या बचतीची टक्केवारी कोणत्या विमानाच्या तुलनेत, किती राखीव ऊर्जेसह आणि कोणत्या विजेवर काढली आहे, हे तीन प्रश्न विचारण्याची क्षमता अशा अभ्यासातून निर्माण होऊ शकते.